सामाईक भाग

साकोलीच्या बसस्टँडमागं, झोडेभाऊंच्या दुकानात
पहिल्या दिवशी शिकले ते एवढंच :
रेडियममध्ये मराठी कापायचं तर आधी वेल्ड कर.
पडद्यावर दिसते ती शिरोरेघ एक नसते.
प्रत्येक अक्षर आपापलं छप्पर घेऊन येतं
आणि शेजारच्याच्या वळचणीत थोडं घुसतं.
डोळ्याला कळत नाही, कटरच्या पात्याला कळतं.
पातं तेवढं घुसलेलं नेमकं कापून ठेवतं,
मग कुणाच्या मोटारसायकलीवर
दोन उन्हाळ्यांत 'जय सेवा'चा नुसता 'ज' उरतो.

दोन वर्षं मी छप्परं जोडत होते.
नंबरप्लेटी, आटाचक्कीच्या पाट्या,
हंगामात झाडीपट्टीच्या नाटकांचे बॅनर.
सगळं निवडायचं, वेल्ड दाबायचं.
आतल्या रेघा जातात.
कुठं जातात ते कोरल सांगत नाही,
मीही कधी विचारलं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी आले
खैरबोडीची सायत्राबाई न् मोहटोल्याचा पतिराम मेश्राम.
एकाच बाकावर, मधे पिशवी ठेवून.
दोन गावांच्या दोन मच्छीमार संस्था
मागच्या महिन्यात कागदावर एक झाल्या होत्या.
शिक्का पायजे, टेम्पोच्या काचेवर निशाणी पायजे.

"दोन तलाव काढ," सायत्राबाई म्हणाली. "गोल."
"तलाव कुठं गोल रायते? आमचा त इळ्यावानी हाय."
"शिक्का गोल रायते ना बापा."

काढले दोन गोल, एक वर, एक खाली,
पोटात पोट घालून.
सवयीनं वेल्ड दाबलं.

"हे त भुईमुंगाची शेंग झाली," पतिराम म्हणाला.
मग जवळ आला, काचेला नाक लावून.
"आमची पार कुठं गेली वो?
माझ्या आज्यानं टोपल्याटोपल्यानं माती टाकली तिच्यावर."

कंट्रोल झेड.
पार परत आली. पतिराम परत बाकावर टेकला.

फ्लेक्स कापता कापता, मान न वळवता, झोडेभाऊ :
"दाबायच्या आधी प्रत काढून ठेवली होती का बाजूले?"
नव्हती.
तेव्हा काढली. दोन गोल ओढून नेले
पानाच्या कडेबाहेर, त्या करड्या पट्टीत
जिथलं काहीच छापलं जात नाही.

आणि मग वेल्डच्या शेजारचं बटण.
ते आजवर मी कुणासाठी दाबलं नव्हतं.
त्यानं दोन्ही तलाव पुसले
आणि जे दोघांचंही होतं तेवढंच ठेवलं :
दोन्हीकडं टोकदार, मधे फुगलेलं, आडवं.

लाइट गेली होती. यूपीएस टूं टूं करत होता.
"मरळ," सायत्राबाई म्हणाली.
"मरळ एवढी पोटाळ कुठं रायते? कतला हाय."
"डोळा दे पोरी त्याले, मंग पाहू."

डोळा दिला. एका टोकाला छोटा त्रिकोण,
टोकात टोक घालून, वेल्ड.
शेपटी न् अंगामधली ती रेघ कुठं गेली
हे मात्र कुणीच विचारलं नाही.

फाईल अजून आहे, 'मासा फायनल २' या नावानं.
उघडली की पानावर मासा दिसतो
आणि बाहेर, करड्या पट्टीत, ते दोन गोल,
एकमेकांना न शिवता.
झोडेभाऊ म्हणतात, फालतू आहेत, डिलीट मार.
मारीन कधीतरी.

त्या दिवशी मी कटरला गोलांसकट सगळंच पाठवलं, मुद्दाम.
निळं रेडियम. सुईनं मासा उचलला,
चिकटपट्टीवर घेतला, पिशवीत दिला.
खाली पत्र्यासारख्या कागदावर उरल्या दोन कोरी,
एक वर, एक खाली, मधला भाग गेलेला.

"हे फेकता का?" सायत्राबाईनं विचारलं.
होकारायच्या आधीच तिनं एक सोलली,
मोबाइलच्या पाठीवर दाबून बसवली,
दुसरी पतिरामकडं सरकवली.

त्यानं ती बराच वेळ बोटावर धरली.
मग उलटी केली.
"हां," म्हणाला, "असा हाय आमचा तलाव."